सभेची संख्या : शास्त्र, पोथी व व्यवहार

दिल्ली येथें २०२३ सालीं संसदेची जी नवी वास्तु उघडण्यांत आली, तिच्यांतील लोकसभेच्या दालनांत ८८८ आसनें मांडलेलीं आहेत. त्या वेळीं लोकसभेंत निवडून येणाऱ्या सभासदांची संख्या ५४३ होती. आसनें अधिक व माणसें उणीं, असा हा प्रकार असल्यामुळें सभासदांची संख्या वाढवावी कीं काय, आणि वाढविल्यास कोणत्या मापानें, हा वाद पुन्हां सुरू झाला. या वादांत बोलणाऱ्यांपैकीं पुष्कळांचा असा समज दिसतो कीं, सभेंत किती माणसें असावीं हा प्रश्नच मुळीं इंग्रजांबरोबर आपणांकडे आला; आमच्या शास्त्रकारांस राजा आणि त्याचा प्रधान एवढेंच काय तें ठाऊक होतें. हा समज निराधार आहे, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा एक हेतु. दुसरा हेतु असा कीं, हा वाद आपणांकडे ज्या ज्या वेळीं झाला त्या त्या वेळीं खरा प्रश्न आंकड्याचा नसून वाढलेला मनुष्य कोणाच्या वतीनें बसतो याचा होता, हें कागदपत्रांवरून व पोथ्यांवरून वाचकांपुढें ठेवावें.

वाईस राहणाऱ्यास या विषयाचीं साधनें फार दूर शोधावीं लागत नाहींत. कै. नारायणशास्त्री मराठे, पुढें केवलानंद सरस्वती, यांनीं स्थापिलेल्या येथील प्राज्ञपाठशाळेच्या धर्मकोशांत राजनीतीचें स्वतंत्र कांड असून मंत्री, परिषद् व सभा यांविषयींचीं वचनें त्यांत एकत्र केलेलीं आहेत. कृष्णेच्या वरच्या अंगास मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा उभा आहे, आणि कै. राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपला जो पहिला खंड प्रसिद्ध केला त्याचे कागद याच गांवांत मिळालेले. शास्त्र आणि दफ्तर हीं दोन्ही येथें शेजारींशेजारीं नांदत आलीं आहेत. सबब आम्हीं आधीं शास्त्राचा व मग दफ्तराचा विचार करूं.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणांतील मंत्रविषयक अध्यायांत हा वाद जवळजवळ सभेंतल्या वादासारखा मांडलेला आहे. परिषदेंत बारा अमात्य असावे असें मानवांचें म्हणणें, बार्हस्पत्य सोळा सांगतात, औशनस वीस. हीं तीन मतें देऊन कौटिल्य आपलें मत एका शब्दांत देतो : सामर्थ्याप्रमाणें. म्हणजे राज्याचें काम व राज्याची ऐपत जेवढी, तेवढी परिषद्. लगेच तो इंद्राचें उदाहरण घेतो. इंद्राच्या परिषदेंत हजार ऋषि होते व तेच त्याचे डोळे, म्हणून दोनच डोळ्यांचा असूनहि त्यास सहस्राक्ष म्हणतात. पुराणांत सहस्राक्ष या नांवाची जी निराळी व फारशी सभ्य नसलेली उपपत्ति आहे ती सोडून या गद्य ग्रंथकारानें ही कोठून काढली असेल ती असो. परंतु मोठ्या परिषदेचें समर्थन इतक्या थोडक्यांत दुसरीकडे कोठें आमच्या पाहण्यांत नाहीं.

मात्र याच अध्यायाच्या आरंभीं तोच कौटिल्य मंत्र करण्यास तीन किंवा चारच मंत्री पुरेत असें सांगतो. एकटा असेल तर त्यास धरबंध राहत नाहीं. दोघे असतील तर एक होऊन राजास दडपतात अथवा भांडून काम बिघडवितात. चारांहून अधिक झाले कीं निर्णय कष्टानें होतो व गुप्तता राखणें कठीण पडतें. वरवर पाहतां हीं दोन विधानें परस्परविरोधी वाटतात. तसें तें नाहीं. मसलत ही एक गोष्ट आणि परिषद् ही दुसरी. मसलतीस माणसें थोडीं हवींत, कारण तेथें तोंड आवरावयाचें असतें. परिषदेस अधिक हवींत, कारण तेथें डोळे उघडावयाचे असतात. निकडीच्या कामांत मात्र दोघांसहि एकत्र बोलवावें, आणि तेथें बहुतेक जण जें सांगतील अथवा जें कार्यसिद्धि करील तें करावें, असेंहि त्यानें सांगितलें आहे. जे जवळ नसतील त्यांचें मत पत्रें पाठवून घ्यावें, हेंहि त्यांतच आहे. आजच्या वादांत लोकसभा मोठी झाली तर निर्णय होणार नाहीं असें म्हणणारे व लहान राहिली तर लोकांचें ऐकूं येणार नाहीं असें म्हणणारे, या दोन्ही पक्षांस कौटिल्य एकाच अध्यायांत भेटतो, आणि दोघांचीं कामें वेगळीं आहेत एवढेंच सांगून वाट दाखवितो.

मनूचा कल निराळा आहे. मंत्री सात किंवा आठ असावे हें सातव्या अध्यायांत, आणि धर्मनिर्णयाची परिषद् निदान दहांची किंवा निदान तिघांची असावी हें बाराव्या अध्यायांत. पुढें जाऊन तो म्हणतो कीं वेद जाणणारा एक ब्राह्मणहि जें ठरवील तो धर्म, परंतु अज्ञ असे हजारों जमले तरी ती परिषद् होत नाहीं. एकीकडे इंद्राचे हजार डोळे, दुसरीकडे मनूचे हजार अज्ञ. हजार हा आंकडा दोन्हीकडे तोच. फरक एवढाच कीं मनूची परिषद् धर्म काय हें शोधून काढण्यासाठीं बसते, आणि शोधून काढण्याच्या कामांत डोकीं मोजून भागत नाहीं. बृहस्पतीच्या नांवावरील वचनांत न्यायसभेस सात, पांच किंवा तीन सभ्य सांगितले आहेत. हे तिन्ही आंकडे विषम आहेत ही गोष्ट मतभेदाच्या प्रसंगीं उपयोगी पडणारी असल्यामुळें लक्षांत घेण्यासारखी आहे.

आतां पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस विशेष गोडी वाटेल अशा स्थळाकडे वळतों. महाभारताच्या शांतिपर्वांत, प्रचलित पाठाच्या ८५ व्या अध्यायांत, भीष्म युधिष्ठिरास अमात्य कसे नेमावे हें सांगतो. प्रचलित पाठाप्रमाणें चार ब्राह्मण, आठ क्षत्रिय, एकवीस वैश्य, तीन शूद्र व एक सूत असे मिळून ३७ होतात. यावरून आमच्या प्राचीन राज्यांत सर्व वर्णांचें प्रतिनिधिमंडळ होतें असें अनेक लेखकांनीं मोठ्या अभिमानानें प्रतिपादिलें आहे, आणि तें कांहीं पाठ्यपुस्तकांतहि गेलें आहे. परंतु त्याच ठिकाणीं पुढें राजानें आठ मंत्र्यांच्या मध्यें बसून मसलत करावी असें आहे. सदतीसांत आठ कोठून आले, याचा उलगडा होत नाहीं. सदतीसांतून आठ निवडावे असा अर्थ लावितात, पण निवड करण्याविषयीं मुळांत अक्षर नाहीं.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तींत शांतिपर्वाचें संपादन कै. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनीं केलें. त्या आवृत्तींत हा अध्याय ८६ वा असून क्षत्रिय व वैश्य यांच्याविषयींचा मजकूर मूळ संहितेंत घेतलेला नाहीं. राहतात चार ब्राह्मण, तीन शूद्र व एक सूत. बेरीज आठ. पुढच्या वचनांतील आठ मंत्री येथें आपोआप सांपडतात.

म्हणजे आठांची सभा सदतीसांची झाली ती कोणा राजाच्या आज्ञेनें नव्हे, लेखकूच्या बोरूनें झाली. असें कां व्हावें? चार ब्राह्मण, मग एकदम तीन शूद्र, हा क्रम पाहून कोणा लिहिणाऱ्याच्या मनांत आलें असावें कीं मधले दोन वर्ण गळाले आहेत. त्यानें ते घातले. घालतांना क्षत्रियांस बळ व शस्त्र हीं विशेषणें दिलीं, वैश्यांस धन दिलें, आणि आंकड्यांत सर्वांत मोठा वांटा वैश्यांस दिला. ही वांटणी सहज झालेली नव्हे. राज्यास कर देणारा जो वर्ग, तोच सभेंत अधिक असावा, हें मत त्या अज्ञात लेखकूचें होतें, आणि तें त्यानें भीष्माच्या तोंडीं घातलें. उलट पक्षीं असेंहि म्हणतां येईल कीं मूळांत चारी वर्ण होते व मधला मजकूर गळाला. हा पक्ष अगदींच टाकाऊ नाहीं, कारण वर्णांचा क्रम मध्येंच तुटलेला दिसतो हें खरें आहे. तथापि गळालेल्या मजकुरानंतर उरलेल्यांची बेरीज नेमकी आठच भरावी व पुढें आठच सांगितलेले असावे, हा योगायोग आम्हांस जड वाटतो. शिवाय महाभारताच्या पोथ्या वाढत आल्या आहेत, आटत आल्या नाहींत. आमच्या मतें तरी सभासदवाढीच्या वादाचा हा आपल्या वाङ्मयांतील एक जुना पुरावा असून तो वाद समासांत व ओळींच्या मध्यें झालेला आहे.

शास्त्राकडून दफ्तराकडे येतांना पहिला आंकडा पुन्हां आठच भेटतो. शिवछत्रपतींच्या १६७४ च्या राज्याभिषेकाचे अष्टप्रधान प्रसिद्धच आहेत. हे आठ मनूच्या आठांवरून घेतले कीं शुक्रनीतीवरून, हा वाद आम्हीं येथें उकरीत नाहीं. शुक्रनीतीच्या प्राचीनतेविषयींच विद्वानांत शंका आहे, मग तिच्यावरून कांहीं घेतलें असें कसें म्हणावें? आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें पुढचें. राजाराम महाराज १६८९ सालीं जिंजीस गेले, आणि तेथें आठांवर एक नववें पद निघालें, तें प्रतिनिधि. प्रल्हाद निराजी हे पहिले प्रतिनिधि. पुढें तें पद परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यांत स्थिरावलें, आणि सातारा-कऱ्हाड भागाच्या इतिहासांत या घराण्याचें नांव पदोपदीं येतें. ही मराठी राज्यांतील सभासदवाढ होय. परंतु हा नववा मनुष्य कोणाचा प्रतिनिधि? छत्रपतींचा. राजा संकटांत, देश सोडून दूर, तेव्हां त्याच्या जागीं उभें राहणारा मनुष्य तो प्रतिनिधि. मंडळांत एक मनुष्य वाढला, पण त्यामुळें रयतेचें एक तोंड वाढलें असें झालें नाहीं. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत आठांचीं पदें वंशपरंपरा चालत राहिलीं आणि कारभार मात्र पेशव्यांच्या हातीं एकवटला. आंकडा कायम, वजन गेलें.

उलट प्रकार १७७४ च्या बारभाईंचा. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांस दूर करण्यासाठीं जे मुत्सद्दी एकत्र झाले त्यांस लोकांनीं बारभाई म्हटलें. हे बारा कोण, याच्या निरनिराळ्या याद्या आहेत, आणि त्या एकमेकींशीं जुळत नाहींत. याचा अर्थ इतकाच कीं बारा हा येथें मोजलेला आंकडा नसून पुष्कळांचा कारभार या अर्थाचा शब्द आहे. आजहि अव्यवस्थेस आपण बारभाईचा कारभार म्हणतों, तें अन्यायाचें आहे असें आम्हांस वाटतें, कारण त्या मंडळानें अर्भक सवाई माधवरावाची गादी राखली. पण थोड्याच वर्षांत बारांचे सखारामबापू व नाना असे दोन झाले, आणि बापू कैदेंत गेल्यावर नाना एकटेच उरले. कौटिल्यानें दोघांविषयीं व एकट्याविषयीं जें लिहून ठेवलें होतें तें त्याची पोथी कोणी न वाचतांहि खरें झालें. मेणवलीचें दफ्तर, जें पुढें रा. ब. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हातीं आलें, तें या एकट्याच्या कारभाराचें दफ्तर आहे.

खालच्या थरावर मात्र संख्येचें बंधनच नव्हतें. गोतसभेच्या महजरांत देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे, महाजन, बलुते अशा सर्वांच्या निशाण्या असतात. कुणब्याचा नांगर, वाण्याची तागडी, ज्याचें त्याचें हत्यार. असा महजर ज्यांनीं उलगडून पाहिला असेल त्यांस ठाऊक आहे कीं तेथें किती जण बसावे याचा नियम नसे, कोण कोण बसले पाहिजेत याचा असे. एखाद्या बलुत्याची निशाणी राहिली तर उद्यां तो निवाडा मानीना. आमच्या विषयाच्या दृष्टीनें हा भेद फार मोलाचा आहे.

इंग्रजी अमलांत वादाचें रूप पालटलें. १८६१ च्या कायद्यानें मुंबईच्या गव्हर्नराच्या कौन्सिलांत कायदे करण्यापुरते चार ते आठ जादा सभासद नेमण्याची सोय झाली, आणि १८६२ सालीं नाना शंकरशेट यांसारखे गृहस्थ तेथें बसले. हे नेमलेले होते, निवडलेले नव्हते. ही स्थिति बदलावी म्हणून जी पहिली देशव्यापी मागणी झाली ती १८८५ च्या डिसेंबरांत, राष्ट्रीय सभेच्या पहिल्या बैठकींत. ती बैठक पुण्यास व्हावयाची, पण पटकीमुळें मुंबईस, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या इमारतींत झाली. जमलेले प्रतिनिधि ७२. कायदेमंडळें वाढवावीं व सुधारावीं हा तिसरा ठराव तेथें कै. काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं मांडला.

तेलंगांचें नांव या त्रैमासिकाच्या वाचकांस गीतेच्या इंग्रजी भाषांतरामुळें व मराठ्यांच्या बखरींवरील लेखामुळें परिचित आहे. तो लेख कै. न्या. रानडे यांच्या १९०० सालच्या ग्रंथास जोडलेला आहे. त्यांनीं १८८४ सालीं मुद्राराक्षसाची आवृत्ति काढली आणि त्याच सालीं ते मुंबईच्या कौन्सिलांत नेमले गेले. चाणक्याचें नाटक ज्यानें संपादिलें त्यास चाणक्याचा ग्रंथ मात्र पाहावयास मिळाला नाहीं. तेलंग १८९३ सालीं वारले, आणि म्हैसूरच्या आर्. शामशास्त्री यांनीं अर्थशास्त्राची छापील प्रत काढली ती १९०९ सालीं. परिषदेच्या संख्येवरील बारा, सोळा व वीस हा वाद तेलंगांच्या हातीं असता तर त्यांनीं संस्कृत पाठशाळेच्या त्या छपराखालीं त्याचा उपयोग केला असता, असें मानावयास कोणाची हरकत नसावी.

त्या ठरावाची घडण पाहावी. नुसती संख्या वाढवा असें त्यांत नाहीं. वाढलेल्यांत निवडलेल्यांचें प्रमाण बरेंच असावें, अंदाजपत्रक सभेपुढें यावें, प्रश्न विचारण्याचा हक्क असावा, हें त्याबरोबरच आहे. पुढच्या वर्षीं कलकत्त्यास निदान निम्मे सभासद निवडलेले असावे हा आंकडा ठरला. १८८९ सालीं मुंबईस जी योजना मांडली गेली तींत लोकसंख्येचें माप प्रथमच स्पष्टपणें आलें : वरिष्ठ कौन्सिलासाठीं पन्नास लाखांस एक, प्रांतिक कौन्सिलासाठीं दहा लाखांस एक. याच बैठकींत कै. बाळ गंगाधर टिळक यांनीं अशी दुरुस्ती सुचविली कीं वरिष्ठ कौन्सिलाचे सभासद प्रांतिक कौन्सिलाच्या सभासदांनीं निवडावे, तीस कै. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं अनुमोदन दिलें. दुरुस्ती मान्य झाली नाहीं. पुढें या दोघांचीं नांवें परस्परविरोधीं घेण्याची संवय लागलेल्यांनीं हा प्रसंग लक्षांत ठेवावा.

सरकारनें संख्या वाढविली. १८९२ च्या कायद्यानें मुंबईस आठ ते वीस जादा सभासद झाले. पण निवडणूक हा शब्द कायद्यांत येऊं दिला नाहीं. नगरपालिका, लोकलबोर्डें, विश्वविद्यालय यांनीं शिफारस करावयाची व सरकारनें नेमावयाचें. याच दारानें टिळक, गोखले, फेरोजशहा मेहता आंत गेले. आंत जाऊन काय झालें? १९०१ सालीं जमीनमहसुलाच्या कायद्याच्या दुरुस्तीवर मेहता, गोखले व त्यांचे सोबती जीव तोडून बोलले, आणि मतें मोजून उपयोग नाहीं असें दिसल्यावर सभा सोडून बाहेर पडले. १९०९ च्या कायद्यानें मुंबईचा आंकडा पन्नासांपर्यंत गेला, बिनसरकारी सभासद प्रांतांत अधिक झाले. परंतु वरिष्ठ कौन्सिलांत सरकारी बहुमत राखून ठेविलें, आणि धर्मावर निराळे मतदारसंघ याच कायद्यानें आले. १९१९ च्या कायद्यांत मुंबईस १११ ही संख्या घातली. या वेळीं मराठा व तत्सम जातींसाठीं सात जागा राखून ठेवण्यांत आल्या. १९३७ सालीं खालच्या सभागृहांत १७५. आठांपासून पावणेदोनशेंपर्यंतची ही चढण पाऊणशें वर्षांची. यांतील प्रत्येक पायरीवर आंकडा दिला जातांना दुसरें कांहीं तरी हातचें राखून ठेविलें जाई, आणि पुढची मागणी त्या राखलेल्यासाठीं होई.

येथें औंधाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. जिंजीस निघालेलें प्रतिनिधिपद ज्या घराण्यांत चालत आलें त्या घराण्याचे भवानराव उपाख्य बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं २१ जानेवारी १९३९ रोजीं आपल्या संस्थानास राज्यघटना दिली. त्या कामीं महात्मा गांधींचा सल्ला व चिरंजीव आप्पासाहेब पंत यांचा उद्योग होता. संस्थान अवघें बहात्तर गांवांचें. गांवकऱ्यांनीं पंचायत निवडावयाची, पंचायतींतून तालुक्याचें मंडळ व्हावयाचें, आणि तालुक्यांतून वरच्या सभेंत माणसें जावयाचीं. म्हणजे १८८९ सालीं टिळकांनीं मागितलेली पायरीपायरीची निवडणूक येथें एका लहान राज्यांत अमलांत आली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस एक लक्ष रुपयांचें आश्वासन देणारे तेच हे बाळासाहेब. राजाच्या जागीं उभा राहणारा तो प्रतिनिधि, हा शब्दाचा जुना अर्थ. रयतेच्या जागीं उभा राहणारा तो प्रतिनिधि, हा नवा. एकाच घराण्यांत अडीचशें वर्षांत हा अर्थ उलटला. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें व प्रयोग तेथेंच थांबला.

प्रजासत्ताकाच्या काळाविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण तो मजकूर सर्वांस उपलब्ध आहे. घटनेच्या ८१ व्या अनुच्छेदांत प्रथम दोन बंधनें होतीं : सभासद पांचशेंहून अधिक नसावे, आणि साडेसात लाख लोकांस निदान एक सभासद असावा. लोकसंख्या वाढत आहे हें दिसतांच दोन्ही एकत्र टिकणार नाहींत हें उघड झालें. १९५२ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीनें साडेसात लाखांचें बंधन काढून टाकलें व पांचशेंचें ठेविलें. आमच्या दृष्टीनें हा या सगळ्या इतिहासांतला कळीचा निर्णय होय. माणसाचें माप सोडलें, आसनाचें धरलें. पहिल्या लोकसभेंत ४८९ जागा होत्या व १९५१ च्या शिरगणतीप्रमाणें एका जागेस सुमारें ७ लाख ४० हजार लोक पडत. १९७३ च्या ३१ व्या दुरुस्तीनें मर्यादा ५४५ झाली. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनें राज्यांच्या जागा १९७१ च्या शिरगणतीवर गोठविल्या. कुटुंबनियोजन नेटानें करणाऱ्या राज्यांच्या जागा घटूं नयेत हें कारण. २००१ सालच्या ८४ व्या दुरुस्तीनें हें गोठवणें २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत लांबविलें. २०११ ची शिरगणती धरली तर एका जागेस सुमारें २२ लाख लोक येतात.

वीस मुलांचा वर्ग व साठ मुलांचा वर्ग हे दोन्ही आम्हीं पुष्कळ वर्षें चालविले आहेत. साठांच्या वर्गांत शिकविणें होतें, विचारणें होत नाहीं. मागच्या बाकांवरच्या मुलाचें नांव सहामाहीपर्यंत कळत नाहीं. सात लाखांचा सभासद व बावीस लाखांचा सभासद यांत असाच फरक पडला आहे. वाई ज्या सातारा मतदारसंघांत २००८ पासून आहे त्यांत वाई, कोरेगांव, सातारा, पाटण व कऱ्हाडचे दोन मिळून सहा विधानसभाक्षेत्रें येतात. महाबळेश्वराच्या डोंगरापासून कृष्णा-कोयनेच्या संगमापर्यंत एक तोंड.

यावर वाढीच्या विरुद्ध बाजूनें जें सांगितलें जातें तेंहि खोटें नाहीं. २०११ च्या आंकड्यांवर आम्हीं हिशेब करून पाहिला. ५४३ हीच संख्या ठेवून जागा लोकसंख्येप्रमाणें वांटल्या तर महाराष्ट्राच्या ४८ च्या सुमारें ५० होतात, परंतु केरळाच्या २० च्या १५ होतात. केरळाची एकहि जागा न घटतां सर्वांस सारखें माप लावावयाचें तर एकूण संख्या सुमारें ७२५ पर्यंत न्यावी लागते. तेव्हां महाराष्ट्रास सुमारें ६७ येतील. केरळाच्या २० च राहतील. पण ५४३ मधले २० आणि ७२५ मधले २० हे एक नव्हेत. शाहू महाराजांच्या वेळीं आठ प्रधानांचें जें झालें तें येथें होईल अशी त्या राज्यांस भीति आहे, आणि ती कल्पित नाहीं. म्हणून वाढ करूं नये असें आमचें मत नाहीं. वाढ करावी, परंतु महजराचा नियम आधीं लावावा, म्हणजे कोण कोण बसलें पाहिजे हें ठरवावें, आणि मग किती हें. २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीनें स्त्रियांसाठीं एक तृतीयांश जागा राखण्याचें ठरविलें तें या क्रमाचें उदाहरण म्हणतां येईल. बाहेरच्या देशांकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाहीं : अमेरिकेची खालची सभा १९१३ पासून ४३५ वरच अडली आहे, आणि इटलीनें २०२० सालीं लोकमत घेऊन ६३० च्या ४०० केल्या.

आतां विद्वान् संग्राहकांस एक विनंति. शांतिपर्वांतील ज्या स्थळाचा वर निर्देश केला, तें आपापल्या संग्रहांतील पोथ्यांत पाहावें. चार ब्राह्मणांच्या उल्लेखानंतर क्षत्रिय व वैश्य यांचा मजकूर पोथींत सलग आहे, कीं समासांत अथवा ओळीच्या वर मागाहून लिहिलेला आहे. क्षत्रियांची संख्या आठच दिली आहे कीं निराळी. आणि पोथीचा शक, लेखकाचें नांव व स्थळ दिलें असल्यास तें, एवढें उतरून पाठविल्यास आम्हीं आभारी होऊं. वाई, कऱ्हाड, मिरज व कृष्णाकांठच्या इतर क्षेत्रांतील वैदिक घराण्यांत शांतिपर्वाच्या सुट्या पोथ्या अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कांहींस वाळवी लागूं लागली आहे. पोथी पाठविण्याची गरज नाहीं. त्या एका पानाचें छायाचित्र पुरे.